सातवीनंतर शाळा कोणती?

बाजारात बैल घ्यायचा असला, तर आपण काय करतो? लांबून बघून पैसे मोजत नाही. दात बघतो. खांदा बघतो. खूर बघतो. चार पावलं चालवून बघतो. जाणत्या माणसाला बरोबर नेतो. मगच व्यवहार ठरवतो.

मुलांची शाळा मात्र आपण कशी निवडतो? शेजाऱ्याचा मुलगा जातो, म्हणून आपलाही धाडतो. इमारत मोठी दिसली, म्हणून नाव घालतो. फाटकावर 'निकाल १०० टक्के' अशी पाटी दिसली, की तिथंच मन भरतं. बैल काही वर्षं कामाला येतो. शाळेत शिकलेलं जन्मभर कामाला येतं. मग शाळा बघायला आपण एक दिवस काढायला नको का?

शाळा कशी बघावी, कुणाला काय विचारावं, पाटीवरचे आकडे कसे वाचावे, हे या पाठात सांगितलं आहे. हा पाठ महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या आईबापांसाठी आहे.

ही वेळ महत्त्वाची का?

आपल्या बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंत असते. पुढं मोठ्या गावाला जावं लागतं. तिथं हायस्कूल असतं. त्यालाच माध्यमिक शाळा म्हणतात.

गळती होते ती याच वळणावर. मुलगा म्हणतो, "लांब आहे, नको." आजी म्हणते, "पोरीला एवढ्या लांब कशाला धाडता?" सुगीचे दिवस असतात. हाताशी माणूस हवं असतं. एक वर्ष घरी राहिलेलं पोर पुन्हा शाळेत जात नाही, असं पुष्कळदा होतं.

शाळेची ही वाट आपल्या लोकांना सहज मिळालेली नाही. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकांनी त्यांचा छळ केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. गरिबाच्या मुलाला शिकता यावं, हाच त्यांचा हेतू होता.

आज कायदा आपल्या बाजूला आहे. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. पण कायदा शाळा निवडून देत नाही. ते काम आईबापांचं.

शाळा कोणाची आहे?

पहिला प्रश्न हा विचारा. शाळा कोण चालवतं?

काही हायस्कुलं जिल्हा परिषद चालवते. काही नगरपालिका चालवते. आदिवासी भागात सरकारी आश्रमशाळा असतात. पण खेड्यांतली पुष्कळ हायस्कुलं शिक्षणसंस्था चालवतात आणि शिक्षकांचा पगार सरकार देतं. अशा शाळेला अनुदानित शाळा म्हणतात. ज्या शाळेला सरकारी पैसा मिळत नाही, ती विनाअनुदानित. तिथं खर्च फीमधून भागवतात.

शाळा कोणतीही असो, तिला सरकारची मान्यता हवी. मान्यता नसलेल्या शाळेत दोन-तीन वर्षं गेली, तर दहावीच्या परीक्षेच्या वेळी अडचण येते.

मान्यता कशी ओळखावी? प्रत्येक मान्य शाळेला अकरा आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्याला यू-डायस क्रमांक म्हणतात. महाराष्ट्रातल्या शाळेचा क्रमांक २७ या आकड्यांनी सुरू होतो. तो दाखल्यावर लिहिलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्या. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला मोबाइलवर हा क्रमांक शोधायला सांगा. शाळेत मुलं किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती, हे त्यात दिसतं. ही माहिती शाळेनंच भरलेली असते. म्हणून ती वाचावी आणि मग शाळेत जाऊन डोळ्यांनी ताडून बघावी.

निकालाची पाटी कशी वाचावी?

दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेतं. हे मंडळ १९६६ साली सुरू झालं. त्याचं मुख्य कार्यालय पुण्याला आहे. राज्यात त्याची नऊ विभागीय मंडळं आहेत. मंडळाच्या सगळ्या शाळांतली मुलं एकच परीक्षा देतात. म्हणून दोन शाळांचे निकाल शेजारी ठेवून बघता येतात. पण नीट बघितले तरच.

समजा, आपल्या गावापासून दोन शाळा सारख्याच अंतरावर आहेत.

पहिल्या शाळेची पाटी सांगते: निकाल १०० टक्के. चाळीस मुलं बसली, चाळीस पास झाली.

दुसऱ्या शाळेची पाटी सांगते: निकाल ९० टक्के. साठ मुलं बसली, चोपन्न पास झाली.

कोणती शाळा चांगली? पाटी बघून आपण म्हणू, पहिली. थोडं थांबा. आणखी एक प्रश्न विचारा. "दोन वर्षांपूर्वी हीच मुलं आठवीत होती. तेव्हा आठवीच्या पटावर किती नावं होती?"

समजा, पहिल्या शाळेच्या आठवीच्या पटावर ६२ नावं होती. दहावीला बसली ४०. मग उरलेली २२ मुलं गेली कुठं?

दुसऱ्या शाळेच्या पटावर ६३ नावं होती. दहावीला बसली ६०. फक्त तीन कमी झाली.

आता हिशेब करू. पहिल्या शाळेत ६२ मुलं आली आणि ४० पास झाली. म्हणजे शंभरात सुमारे ६५. दुसऱ्या शाळेत ६३ मुलं आली आणि ५४ पास झाली. म्हणजे शंभरात सुमारे ८६. आता सांगा, आपलं मूल कोणत्या शाळेत पार पडण्याचा संभव जास्त?

बावीस मुलं गेली कुठं, याची उत्तरं निरनिराळी असू शकतात. काहींचे आईबाप ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेले असतील. त्यांनी दाखला नेला असेल. हा शाळेचा दोष नाही. काही मुलींची लग्नं लवकर लावली असतील. तो आपल्या समाजाचा दोष. पण काही ठिकाणी कच्च्या मुलांना नववीतच अडवून ठेवतात. काही ठिकाणी पालकांना सांगतात, "याला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसायचा अर्ज. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. पण शाळेत शिकणाऱ्या मुलाला केवळ पाटी स्वच्छ राहावी म्हणून बाहेर काढणं बरं नव्हे. मूल कच्चं आहे, म्हणून तर ते शाळेत येतं.

निकाल बघताना आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक. एका वर्षाच्या निकालावर जाऊ नका. निदान तीन वर्षांचे निकाल विचारा. वर्गात दहाच मुलं असली आणि एक नापास झालं, तर निकाल लगेच ९० टक्के होतो. त्यावरून शाळा बिघडली असं होत नाही. जुन्या फलकावर २०२१ सालचा निकाल दिसला, तर तो सोडून द्या. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळं दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही. शाळेनं दिलेल्या गुणांवर निकाल लागला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के आला.

दोन. पास किती, एवढंच विचारू नका. कोणत्या श्रेणीत किती, हे विचारा. शंभरात ३५ गुणांना पास. ४५ ला द्वितीय श्रेणी. ६० ला प्रथम श्रेणी. ७५ च्या पुढं विशेष प्राविण्य. एखाद्या शाळेची सगळी मुलं ३५ ते ४५ च्या मध्येच असतील, तर निकाल १०० टक्के असला तरी पुढची वाट अरुंद होते. आय.टी.आय., पॉलिटेक्निक, अकरावी विज्ञान, सगळीकडे गुणांच्या क्रमानंच जागा मिळतात.

तीन. शाळेत कोणती मुलं येतात, हेही बघा. एखादी शाळा हुशार मुलंच निवडून घेते. तिचा निकाल चांगला लागणारच. दुसरी शाळा मजुरांची, धनगरांची, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुलं घेते आणि त्यातली बहुतेक पार पाडते. त्या शाळेतल्या शिक्षकांचे कष्ट जास्त. आठवीपर्यंत प्रवेश देण्यासाठी मुलाची निवडचाचणी घ्यायला कायद्यानं मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.

शिकवायला कोण आहे?

इमारत शिकवत नाही, शिक्षक शिकवतात. म्हणून विचारा, "गणिताला कोण आहेत? विज्ञानाला कोण? इंग्रजीला कोण?" हे तीन विषय मुलांना जड जातात. या तीन विषयांचे शिक्षक जागेवर असले, तर निम्मी काळजी मिटली.

जागा रिकामी असेल, तर ती कधीपासून रिकामी आहे, ते विचारा. तात्पुरता माणूस तासावर येतो का, तो वर्षभर टिकतो का, हेही विचारा. सहावी ते आठवीच्या वर्गांना ३५ मुलांमागं एक शिक्षक असावा, असं कायदा सांगतो. एका वर्गात ७० मुलं दाटीनं बसलेली दिसली, तर मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत काय पोचत असेल, याचा विचार करा.

शिक्षकांचं काम कसं चालतं, हे कळायला एक सोपा उपाय आहे. त्या शाळेत जाणाऱ्या दोन-तीन मुलांच्या वह्या बघा. आपल्याला आता अक्षर लागतं, मग हे काम आपल्याला जमतं. वहीवर तारखा आहेत का? चुका तपासल्या आहेत का? लाल शाईची खूण आहे का? की पानंच्या पानं कोरी सही करून सोडली आहेत? चूक दाखवून शेजारी बरोबर उत्तर लिहिलेलं असलं, तर समजा, शिक्षक मन लावून काम करतात.

आणखी एक प्रश्न मुलांना विचारा. "शिकवणीला किती जण जाता?" सगळा वर्गच बाहेर पैसे भरून शिकवणीला जात असेल, तर निकालाचं श्रेय कुणाचं आणि खर्च कुणाच्या माथी, हे आपण समजून घ्यावं.

शाळेत काय काय मिळतं?

मराठी शाळेत दहावीला मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रं हे विषय असतात. काही शाळांत हिंदीबरोबर संस्कृतही घेता येतं.

काही शाळांत 'सेमी इंग्रजी' वर्ग असतो. म्हणजे बाकीचे विषय मराठीतून आणि गणित व विज्ञान इंग्रजीतून. पुष्कळ पालकांना वाटतं, सेमी म्हणजे हुशारांचा वर्ग, आपलं मूल तिथंच हवं. पण आधी मुलाला विचारा. आठवीचं इंग्रजी गणिताचं पुस्तक त्याच्या हातात द्या. एक पान वाचून त्याचा अर्थ सांगायला सांगा. वाचून समजलं, तर जरूर घाला. अर्थ लागत नसेल, तर त्याला भाषा आणि गणित अशी दोन ओझी एकदम उचलावी लागतील. मराठीतून गणित शिकलेली मुलंही डॉक्टर आणि इंजिनिअर झाली आहेत.

प्रयोगशाळा बघा. कुलूप उघडायला सांगा. बाटल्यांवर धूळ बसली आहे का, ते बघा. दहावीच्या विज्ञानात ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण प्रात्यक्षिकाला असतात. मुलांच्या प्रयोगवह्या भरलेल्या आहेत, पण त्यांनी परीक्षानळी कधी हातात धरलेली नाही, असं असेल तर ती नुसती नक्कल झाली.

ग्रंथालय बघा. कपाटात पुस्तकं किती, यापेक्षा मुलांच्या घरी किती जातात, हे महत्त्वाचं. एखाद्या मुलाला विचारा, "शाळेतून आणलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?" नाव चटकन सांगितलं, तर कपाट उघडत असलं पाहिजे.

मैदान बघा. खेळाचा तास होतो का, ते विचारा. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवतात का? एन.सी.सी. किंवा स्काउट-गाइड आहे का? काही शाळांत नववी-दहावीला शेती, वाहनदुरुस्ती, वीजकाम अशा धंद्यांचे विषयही असतात. हाताला काम शिकवणारा विषय मिळाला, तर पुढं आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होतो.

अपंग मूल असेल, तर शाळेत उतार आहे का, वर्ग तळमजल्यावर मिळेल का, ते आधीच विचारा. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो. त्यासाठी शाळेनं वेळेवर कागद करावे लागतात.

मुलीची शाळा बघताना

मुलगी असो की मुलगा, शाळा तीच. पण मुलीची शाळा कशानं सुटते, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून काही गोष्टी मुद्दाम बघा.

मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे का? आत पाणी आहे का? दाराला आतून कडी आहे का? आईनं स्वतः आत जाऊन बघावं. याची लाज नको. पाणी नसलं, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. आजारी पडतात. महिन्यातले चार दिवस घरी राहतात. महिन्याला चार दिवस म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास दिवस. एवढा अभ्यास बुडाल्यावर मुलगी गणितात मागं पडली, तर दोष तिच्या डोक्याचा नव्हे, तुटलेल्या नळाचा.

शाळेत बाई शिक्षिका आहेत का? तक्रारपेटी आहे का आणि ती कोण उघडतं? मुलांना मारणं, टाकून बोलणं याला कायद्यानं बंदी आहे. मूल अडचणीत असेल, तर १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. हा क्रमांक मुलांना पाठ करून द्या.

वाट बघा. शाळा सुटायची वेळ आणि गाडीची वेळ जुळते का? दिवस मावळायच्या आत मुलगी घरी येते का? पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, तर काय? एक दिवस मुलांबरोबर आपणही त्या वाटेनं जाऊन यावं. गावातल्या चार मुलींनी एकाच शाळेत नाव घातलं, तर त्या सोबतीनं जातात. म्हणून हा विचार एकट्या घराचा नको. चार घरांनी मिळून करावा.

खर्च किती, सवलत कोणती?

फी किती, एवढ्यावर थांबू नका. वर्षाचा सगळा खर्च लिहून काढा. फी, गणवेश, वह्या, पुस्तकं, गाडीभाडं, सहल, परीक्षेची फी, सगळं. मग बेरीज करा. दोन शाळांच्या बेरजा शेजारी ठेवा.

आता सवलती बघू.

सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. आठवीपर्यंत दुपारचं जेवणही मिळतं.

खेड्यातल्या मुलींना शाळेला जायला बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत असतो. या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. मुलांना सवलतीचा पास मिळतो. पासासाठी शाळेचा दाखला लागतो.

आठवीत एक परीक्षा असते. तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. आईबापांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असेल, तर मूल बसू शकतं. यादीत नाव लागलं, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे झाले ४८,०००. ही परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. जास्त फी भरून विनाअनुदानित शाळेत घातलं, तर ही संधी जाते. म्हणून शाळेत हा प्रश्न जरूर विचारा, "गेल्या वर्षी एन.एम.एम.एस.ला किती मुलं बसवली? किती लागली?" उत्तरावरून शाळेला गरिबाच्या मुलाची किती कळकळ आहे, ते कळतं.

मागासवर्गीय मुलामुलींना शिष्यवृत्त्या आहेत. मुलींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. गाव फारच लांब असेल, तर सरकारी वसतिगृहाची चौकशी करा. मूल अजून पाचवीत असेल, तर नवोदय विद्यालयाची परीक्षाही आहे. तिथं राहणं, जेवण आणि शिक्षणाची सोय होते. निदान पाऊणशे टक्के जागा खेड्यातल्या मुलांना असतात.

आणि एक गोष्ट. प्रवेशासाठी देणगी मागणं हा महाराष्ट्रात १९८७ सालच्या कायद्यानं गुन्हा आहे. कुणी पैसे मागितले, तर म्हणावं, "पावती द्या." पावती नाही, तर पैसा नाही.

शाळेत जाऊन बोलायचं कसं?

पुष्कळांना शाळेच्या कचेरीत जायची भीती वाटते. "आपण अडाणी, साहेबांना काय विचारणार?" असं वाटतं. भिण्याचं काही कारण नाही. शाळा आपल्या मुलांसाठीच आहे. नम्रपणे विचारावं, पण विचारावं. ते असं:

"नमस्कार सर. मुलीला आठवीत घालायचं आहे. शाळा बघायला आले."

"या ताई, बसा. आमचा निकाल शंभर टक्के आहे."

"ऐकून बरं वाटलं. यंदा दहावीला मुलं किती बसली?"

"चाळीस."

"दोन वर्षांमागं आठवीत किती होती?"

"ते... हजेरीपट बघावा लागेल."

"बघा ना सर, मी थांबते. आणि गणिताला कोण आहेत? मला भेटता येईल का?"

चांगले मुख्याध्यापक अशा प्रश्नांवर रागावत नाहीत. उलट त्यांना आनंद होतो. आपली अडचणही ते मोकळेपणानं सांगतात. "ताई, विज्ञानाची जागा वर्षभर रिकामी आहे, आम्ही मागणी केली आहे," असं सांगणारा माणूस खरा. आकडा विचारल्यावर जो पाटीकडं बोट दाखवतो, त्याच्याकडं पुन्हा एकदा विचारावं.

तरीही सरकारी किंवा अनुदानित शाळेनं माहिती दिली नाही, तर २००५ सालचा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज करायचा. दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही माफ. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

नाव घालताना आणि घातल्यावर

नाव घालताना जन्मतारीख, नाव, आडनाव, जात नीट लिहिली आहे का, ते स्वतः वाचून बघा. ही नोंद पुढं दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते. मूल शाळेत आहे तोवर चूक सुधारता येते. शाळा सुटल्यावर फार हेलपाटे घालावे लागतात. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही.

नाव घातलं, की आपलं काम संपलं असं नाही. पालकसभेला जा. आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. सरकारी शाळेच्या समितीत चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आपलं नाव पुढं आलं, तर मागं सरू नका. नळ नाही, दाराला कडी नाही, शिक्षक नाहीत, हे बोलायची जागा तीच.

कधी कधी जवळ एकच शाळा असते. निवडायला दुसरी नसते. तरीही हे सगळे प्रश्न कामाचे आहेत. दहा पालकांनी मिळून तेच प्रश्न विचारले, की शाळा सुधारू लागते.

आणि दहावीत एखादा विषय राहिला, तरी मुलाला घालून पाडून बोलू नका. जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले, तरी अकरावीत बसता येतं. एका निकालानं आयुष्य संपत नाही.

हे प्रश्न वहीत उतरवून घ्या

१. शाळेला मान्यता आहे का? यू-डायस क्रमांक कोणता?

२. आठवीत किती मुलं होती? त्यांतली दहावीला किती बसली? किती पास झाली?

३. तीन वर्षांत प्रथम श्रेणी किती जणांना मिळाली?

४. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक जागेवर आहेत का?

५. मुलांच्या वह्या तपासलेल्या आहेत का?

६. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय वापरात आहेत का?

७. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी आहे का?

८. गाडीच्या वेळा कोणत्या? मूल घरी किती वाजता येतं?

९. वर्षाचा सगळा खर्च किती? सवलती कोणत्या?

१०. एन.एम.एम.एस. आणि शिष्यवृत्तीचे अर्ज शाळा भरून घेते का?

एका पानावर दोन रकाने आखा. एका रकान्यात एका शाळेची उत्तरं लिहा, दुसऱ्यात दुसरीची. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी ते पान वाचावं. मुलालाही जवळ बसवा. शाळेत जायचं आहे ते त्याला. त्याचंही मत विचारा आणि मगच ठरवा.